तुमच्या गल्लीतला रस्ता खोदायचा निर्णय घेतं कोण? महापालिकेच्या टेंडरची पूर्ण गोष्ट

सकाळी उठून खिडकीतून बघावं तर बिल्डिंगसमोरचा रस्ता गायब. काल रात्रीपर्यंत बरा दिसणारा डांबरी रस्ता जेसीबीनं उकरलेला, कडेला बॅरिकेड आणि त्यावर पालिकेचं नाव. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, "अरे, आत्ताच तर केला होता ना हा रस्ता?" दुसरा येतो, "सगळे मिळून खातात." मग दोन-चार हसणारे इमोजी आणि विषय संपतो.

पण "सगळे" म्हणजे नेमके कोण? हा रस्ता खोदायचं कुणी ठरवलं, काम कुणाला द्यायचं हे कसं ठरलं आणि उद्या त्याच रस्त्यावर खड्डा पडला तर पैसे कुणी भरायचे? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर असतात. आपण ती वाचत नाही, कारण टेंडर हा शब्द ऐकला की हा आपला विषय नाही असं वाटतं.

आता हा विषय आपला करून घ्यायची वेळ आलीये. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. मुंबईत तर जवळपास चार वर्षांनी २२७ नगरसेवक निवडून आले. त्या चार वर्षांत पालिकेनं हजारो कोटींची कामं काढली, आणि त्यावर सभागृहात उभं राहून प्रश्न विचारणारा एकही लोकप्रतिनिधी नव्हता. त्यामुळे मुंबईचंच उदाहरण घेऊन हे सगळं समजून घेऊ.

आधी नकाशा, मग टेंडर

टेंडर हा शेवटचा टप्पा असतो. गोष्ट सुरू होते विकास आराखड्यापासून, ज्याला सगळे डीपी म्हणतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ नुसार पालिकेनं साधारण वीस वर्षांसाठी शहराचा आराखडा करायचा असतो. कुठे शाळा, कुठे मैदान, कुठे दवाखाना, कुठून नवीन रस्ता जाणार, हे सगळं त्यात येतं. ज्या जमिनीवर आरक्षण पडलं, त्या जमिनीवर उद्या काय होणार हे तिथेच ठरतं.

मसुदा तयार झाला की तो लोकांसमोर ठेवायचा आणि हरकती-सूचना मागवायच्या, असं कायदा सांगतो. हा नुसता सोपस्कार असतो असं वाटत असेल तर २०१५ चं मुंबईचं उदाहरण बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्याचा मसुदा आला. त्यात इतक्या चुका निघाल्या की लोक रस्त्यावर उतरले. कुठे उभ्या इमारतींवरून रस्ता दाखवलेला, कुठे वारसा वास्तूंची नोंदच नाही. हजारोंच्या संख्येनं हरकती गेल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा रद्द करून नव्यानं करायला सांगितलं. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. तोच आज 'डीपी २०३४' म्हणून ओळखला जातो.

म्हणजे ज्या टप्प्यावर सामान्य माणसाच्या अर्जाला सगळ्यात जास्त किंमत असते, तो टप्पा हा आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचंच बघा. सुमारे १२ किलोमीटरचा हा रस्ता आधी आराखड्याच्या नकाशावर होता आणि त्याची टेंडरं कित्येक वर्षांनी निघाली. आपण मात्र जेसीबी दारात आल्यावर जागे होतो. तोवर जागा, मार्ग आणि रुंदी ठरून गेलेली असते.

टेंडर निघतं कसं?

आता आपल्या गल्लीतल्या रस्त्याकडे येऊ.

पहिली पायरी म्हणजे अंदाजपत्रक. इंजिनिअर मोजमाप घेतात. किती लांबी, किती रुंदी, किती घनमीटर काँक्रीट, किती पाइप, किती खोदाई. प्रत्येक गोष्टीचा दर पालिकेच्या दरसूचीत असतो. प्रमाण गुणिले दर, अशी बेरीज केली की कामाची अंदाजे किंमत येते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दरसूची फुगली किंवा मोजमाप फुगलं, तर पुढे टेंडर कितीही पारदर्शक झालं तरी पैसे जास्तच जाणार.

दुसरी पायरी म्हणजे जाहीर निविदा. मुंबई महापालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्यावर चालतो. त्या कायद्याच्या कलम ७२ नुसार ठरावीक रकमेच्या वरची कामं जाहीर निविदा काढूनच द्यावी लागतात. आता हे सगळं ऑनलाइन होतं आणि निविदा सरकारच्या महाटेंडर्स पोर्टलवर दिसतात. बोली लावणाऱ्यानं बयाणा रक्कम भरायची. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. कंपनीला अनुभव आहे का, उलाढाल किती, यंत्रं आहेत का, हे त्यात बघितलं जातं. त्यात जे पास होतात त्यांचेच दराचे लिफाफे उघडतात. ज्याचा दर सगळ्यात कमी तो 'एल वन', आणि साधारणपणे काम त्याला.

तिसरी पायरी म्हणजे मंजुरी. मोठ्या रकमेचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे जातो. समितीतले नगरसेवक तो मंजूर करू शकतात, राखून ठेवू शकतात किंवा थेट दफ्तरी दाखल करू शकतात. महापालिकेची तिजोरी स्थायी समितीच्या हातात असते असं म्हणतात ते याचमुळे, आणि या समितीचं अध्यक्षपद मिळवायला पक्षांची एवढी रस्सीखेच का होते तेही यावरून कळतं.

चौथी पायरी म्हणजे कार्यादेश, काम आणि बिलं. इंजिनिअर मोजमाप पुस्तिकेत झालेल्या कामाची नोंद करतो आणि त्यावर ठेकेदाराचं बिल निघतं.

पाचवी पायरी सगळ्यात कमी लोकांना माहीत असते, ती म्हणजे दोषदायित्व कालावधी. सगळे इंजिनिअर आणि ठेकेदार याला डीएलपी म्हणतात. काम पूर्ण झाल्यावर इतकी वर्षं काही बिघडलं तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं. मुंबईतल्या नव्या काँक्रीट रस्त्यांसाठी हा काळ १० वर्षांचा ठेवलाय. तुमच्या नव्या रस्त्याला दोन वर्षांत तडा गेला तर तो बुजवायला पालिकेनं नवीन पैसे खर्च करायची गरजच नाही.

६,०७९ कोटींचे पाच तुकडे

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं याचं सगळ्यात मोठं अलीकडचं उदाहरण म्हणजे मुंबईचं रस्ते काँक्रिटीकरण.

मुंबईत पालिकेच्या ताब्यात सुमारे दोन हजार किलोमीटरचे रस्ते आहेत. २०२२ मध्ये ठरलं की शहर खड्डेमुक्त करायचं आणि त्यासाठी उरलेले डांबरी रस्ते काँक्रीटचे करायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये निघालेल्या निविदेला धड प्रतिसाद आला नाही म्हणून ती रद्द झाली. नोव्हेंबरमध्ये नव्यानं निविदा निघाली. सुमारे ४०० किलोमीटर रस्ते, किंमत ६,०७९ कोटी. कामाची पाच पॅकेजेस केली. शहर विभागाचं एक, पूर्व उपनगरांचं एक आणि पश्चिम उपनगरांची तीन. १९ जानेवारी २०२३ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते मुंबईत या कामांचं भूमिपूजन झालं.

गणित करून बघा. सरासरी एका पॅकेजची किंमत १,२०० कोटींच्या वर. किलोमीटरमागे खर्च सुमारे १५ कोटी. अर्थात या आकड्यात रस्त्याची रुंदी, पावसाळी गटारं, फुटपाथ, केबलसाठीच्या वाहिन्या हे सगळं येतं, त्यामुळे गावाकडच्या रस्त्याशी याची तुलना करून चालणार नाही. पण दर फुगवलेत, हा घोटाळा आहे, असा आरोप आदित्य ठाकरे यांनी जानेवारी २०२३ मध्येच केला. पालिकेनं तो फेटाळला.

आरोप-प्रत्यारोप क्षणभर बाजूला ठेवू. निविदेच्या अटींमध्ये एक मोठा निर्णय दडलेला होता. काम फक्त मोठ्या कंपन्यांनाच मिळावं अशी रचना केली होती आणि दोन-तीन कंपन्यांनी मिळून बोली लावायला, म्हणजे संयुक्त भागीदारीला, परवानगी नव्हती. पालिकेचं म्हणणं सरळ होतं. छोटे ठेकेदार निकृष्ट काम करतात, मोठ्या कंपनीकडे यंत्रं, माणसं आणि पैसा असतो, त्यामुळे दर्जा सुधारेल.

ऐकायला पटतं. मग झालं काय? शहर विभागाचं, म्हणजे दक्षिण मुंबईचं, काम ज्या कंपनीला मिळालं तिनं ते जवळपास सुरूच केलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पालिकेनं ते कंत्राट रद्द केलं आणि ५२ कोटींचा दंड लावला. कंपनी हायकोर्टात गेली. पुन्हा निविदा काढायची वेळ आली. या सगळ्यात कुलाब्यापासून माहीमपर्यंतचे लोक जुन्याच रस्त्यांवरून फिरत राहिले.

आता विचार करा. हेच काम २० ठेकेदारांमध्ये विभागलेलं असतं आणि एकानं दगा दिला असता, तर एखाद्या वॉर्डाचे काही रस्ते रखडले असते. इथे एकच कंपनी थांबली आणि शहराचा अख्खा एक विभाग थांबला. मोठ्या पॅकेजचा फायदा हा की जबाबदार माणूस एकच असतो. तोटाही तोच, कारण तो एकच माणूस बसला की सगळंच बसतं.

पुढे दुसऱ्या टप्प्याची कामं दिली गेली आणि दोन्ही टप्प्यांचं उद्दिष्ट सुमारे ७०० किलोमीटरवर गेलं. दर्जा तपासायला आयआयटी मुंबईला आणलं. पण एकाच वेळी इतके रस्ते खोदल्यानं २०२५ चा पावसाळा तोंडावर आला तरी बरेच रस्ते अर्धवट होते. सत्ताधारी पक्षाचे आमदारही जाहीरपणे नाराजी बोलून दाखवत होते.

अटी कुणाला समोर ठेवून लिहिल्या जातात?

टेंडरमधला घोळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पाकीट येतं. पण कागदावर घोळ करायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे पात्रतेच्या अटी. निविदेत असं यंत्र मागायचं जे एकाच विक्रेत्याकडे मिळतं. मग टेंडर जाहीर असतं, ऑनलाइन असतं, सगळं नियमात असतं आणि तरी निकाल आधीच ठरलेला असतो.

मिठी नदीच्या गाळ उपशाच्या प्रकरणात नेमका हाच आरोप आहे. मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं १३ जणांवर गुन्हा दाखल केला. त्यात पालिकेचे अधिकारी, ठेकेदार आणि मध्यस्थ होते. ठरावीक यंत्रंच भाड्यानं घ्यावी लागतील अशी रचना झाली, गाळ टाकायच्या जागांचे करार बनावट होते आणि पालिकेचं सुमारे ६५ कोटींचं नुकसान झालं, असा तपास यंत्रणेचा दावा आहे. हे आरोप अजून कोर्टात सिद्ध व्हायचेत. पण टेंडर वाचताना कुठे बोट ठेवायचं ते या प्रकरणातून कळतं. आधी अटी बघायच्या, किंमत नंतर.

मग नगरसेवक असते तर हे टळलं असतं?

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. राज्यघटनेच्या कलम २४३-यू नुसार महापालिकेची मुदत पाच वर्षांचीच आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक व्हायला हवी. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबत गेल्या. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या असं बजावलं, पुढे ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची तारीख दिली, तेव्हा कुठे मतदान झालं.

तोवर आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव तयार करणारं आयुक्तांचं प्रशासन, स्थायी समितीच्या जागी मंजुरी देणारे तेच आणि सभागृहाच्या जागी शिक्कामोर्तब करणारेही तेच. परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच. २०२५-२६ मध्ये ७४,४२७ कोटींचं बजेट असंच मांडलं गेलं आणि असंच मंजूर झालं. हे बजेट देशातल्या काही छोट्या राज्यांपेक्षा मोठं आहे.

पण नगरसेवक असताना सगळं आलबेल होतं असंही समजू नका. २०१५ मध्ये तेव्हाच्या महापौर स्नेहल आंबेकर यांनी रस्त्यांच्या कामात गैरव्यवहार असल्याचं पत्र आयुक्तांना लिहिलं. चौकशी झाली. २०१६ मध्ये ३४ रस्त्यांचा अहवाल आला, त्यात काम कमी आणि बिलं जास्त असं चित्र निघालं. दोन प्रमुख अभियंते निलंबित झाले, ठेकेदार काळ्या यादीत गेले. सगळ्यात भारी म्हणजे काम तपासायला नेमलेल्या त्रयस्थ लेखापरीक्षक कंपन्यांच्या माणसांनाच अटक झाली.

मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडलेला कॅगचा अहवालही बघा. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची ती तपासणी होती. या काळात नगरसेवकही होते आणि प्रशासकही. कॅगला काय आढळलं?

- २१४.४८ कोटींची २० कामं निविदा न काढताच दिली.
- ४,७५५.९४ कोटींच्या ६४ कामांमध्ये ठेकेदारासोबत करारच झाला नव्हता.
- ३,३५५.५७ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ लेखापरीक्षकच नेमला नव्हता.

यातला दुसरा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. करारच नसेल तर उद्या ठेकेदार चुकला तर त्याला कोर्टात खेचणार कशाच्या जोरावर? भाड्यानं घर घेतानाही आपण करार करतो, इथे हजारो कोटींची कामं करार न करता चालली.

थोडक्यात काय, तर नगरसेवक आले म्हणजे चोरी थांबते असं नाही. फरक इतकाच पडतो की भांडण उघड्यावर होतं. विरोधी पक्षाला प्रस्तावाची प्रत मिळते, कुणीतरी पत्र लिहितं, बातमी होते. २०१६ चं प्रकरण बाहेर आलं ते एका महापौरांच्या पत्रातून. प्रशासकाच्या काळात ते दारच बंद होतं.

छोट्या ठेकेदारांचं काय?

टेंडर म्हणजे फक्त हजार कोटींच्या कंपन्या असं नाही. गटाराची दुरुस्ती, शाळेची रंगरंगोटी, उद्यानाची देखभाल अशी असंख्य छोटी कामं वॉर्ड पातळीवर निघतात. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात तर छोट्या कामांसाठी वाटपाचं सूत्रच आहे. ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना. डिप्लोमा करून गावाकडे किंवा शहरात स्वतःचं काम सुरू करणाऱ्या पोरांसाठी पहिलं काम मिळायची हीच वाट असते.

त्यामुळे दहा छोटी कामं एकत्र करून एक मोठं टेंडर काढलं की त्याचा परिणाम फक्त दरावर होत नाही. स्थानिक ठेकेदार थेट स्पर्धेतून बाहेर जातो आणि बऱ्याचदा त्याच मोठ्या कंपनीचा पोटठेकेदार म्हणून परत येतो. काम करणारा तोच, मधलं कमिशन मात्र वाढलेलं. उलट एकच मोठं काम मुद्दाम तुकडे करून मंजुरीच्या मर्यादेखाली आणायचं, हीसुद्धा जुनी युक्ती आहे. म्हणून पॅकेज मोठं चांगलं की छोटं, याचं एकच एक उत्तर नाही. पण हे पॅकेज असं का केलं, याचं कारण पालिकेला लेखी द्यायला लावायला हवं.

पैसे येतात कुठून?

मुंबई महापालिकेकडे २०२२ मध्ये सुमारे ९२ हजार कोटींच्या मुदतठेवी होत्या. २०२५ पर्यंत हा आकडा ८० हजार कोटींच्या आसपास आला. दुसरीकडे २०२५-२६ च्या बजेटमध्ये भांडवली कामांसाठी ४३ हजार कोटींहून जास्त रक्कम ठेवली होती. पैसे बँकेत पडून राहण्यापेक्षा कामाला लागावेत हे म्हणणं चुकीचं नाही. पण एकदा कार्यादेश दिला की पुढची अनेक वर्षं ती बिलं भरावीच लागतात. म्हणजे गेल्या चार वर्षांत दिलेल्या कंत्राटांचे हप्ते आता निवडून आलेल्या सभागृहाला फेडायचेत. जे निर्णय त्यांनी घेतले नाहीत, त्यांचा हिशोब त्यांना द्यायचाय.

खड्ड्याची किंमत

हे सगळं शेवटी येऊन थांबतं माणसाच्या जिवावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं एक महत्त्वाचा आदेश दिला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. पैसे आधी पालिकेनं किंवा संबंधित यंत्रणेनं द्यायचे आणि नंतर ते जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करायचे.

हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यामुळे रस्ता कुणाचा हा प्रश्न पैशांशी जोडला गेला. रस्ता डीएलपीत आहे का, ठेकेदार कोण, देखरेख करणारा इंजिनिअर कोण, ही माहिती हातात असेल तर भरपाईचा अर्ज तगडा होतो.

मग आपण काय करायचं?

चार गोष्टी, आणि चारही मोबाइलवरून करता येतात.

पहिली, कामाच्या ठिकाणचा फलक. कामाचं नाव, ठेकेदार, किंमत, सुरू आणि पूर्ण होण्याची तारीख त्यावर असायला हवी. फोटो काढून ठेवा. फलकच नसेल तर पहिली तक्रार त्याचीच करा.

दुसरी, डीएलपीची तारीख. रस्ता कधी पूर्ण झाला आणि दोषदायित्व कधी संपतं, हे वॉर्ड ऑफिसला विचारा. सांगत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि तपासणी अहवाल, एवढंच मागा.

तिसरी, महाटेंडर्स. तुमच्या वॉर्डचं नाव टाकून शोधा आणि पात्रतेच्या अटी वाचा. मिठी नदीचं प्रकरण आठवून वाचा.

चौथी, तुमचा नगरसेवक. चार वर्षं तो नव्हता म्हणून विचारता येत नव्हतं, आता आहे. आमच्या रस्त्याचा प्रस्ताव आला तेव्हा तुम्ही काय बोललात, एवढा एकच प्रश्न त्याला विचारा. तो समितीत नसेल तर त्याच्या पक्षाचा जो सदस्य आहे त्यानं काय केलं ते विचारा.

पुढच्या वेळी ग्रुपवर "सगळे मिळून खातात" असा मेसेज आला, की त्याखाली त्या फलकाचा फोटो टाका. ठेकेदाराचं नाव, रक्कम, डीएलपीची तारीख. मग "सगळे" म्हणजे कोण, हे ग्रुपवर प्रत्येकाला नावानिशी कळेल.